विल नावाचं प्रकरण

भर दुपारी फोन वाजतो. सगळे एकमेकांकडे बघतात आणि शेवटी एक जण उठत म्हणतो, 'आय'ल गेट इट.' इथे 'आय ॲम गोइंग टू गेट इट' म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण हा माणूस सकाळपासून त्या फोनसाठी दबा धरून बसला होता की काय, असं वाटतं. 'आय'ल' म्हणजे 'आय विल', आणि इंग्रजीतल्या या 'विल'मधला निर्णय बोलता बोलता झालेला असतो. आधीच ठरलं असेल तर 'गोइंग टू'. दुसऱ्याशी वेळ पक्की झाली असेल तर 'आय ॲम मीटिंग हर ॲट फाइव्ह'. वेळापत्रकातल्या गाडीला तर साधा वर्तमानकाळही पुरतो: 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स.'

मराठी माणसाला हे उपजत कळतं. 'बघू, येईन' म्हणणाऱ्याची वाट बघायची की 'येणार आहे' म्हणणाऱ्याची, हे कुणी शिकवावं लागत नाही. घोळ होतो तो इंग्रजी काळांच्या शाळेतल्या तक्त्यामुळे. कर्ता, विल, क्रियापदाचं मूळ रूप, झाला भविष्यकाळ! मग 'ही विल गोज' होतं, कारण 'ही' दिसला की एस चिकटवायची सवय हाताला लागलेली. 'आय विल कॅन कम' होतं. 'कॅन'ला मूळ रूपच नाही, तिथे 'विल बी एबल टू' लागतं. सर्वांत चिवट चूक मात्र 'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम'. वेळ किंवा अट सांगताना व्हेन, इफ, अन्टिल, ॲज सून ॲज यांच्यानंतर काळ सांगणारं विल येत नाही. 'व्हेन ही कम्स' पुरे. आपण तरी 'तो येईल की सांगेन' कुठे म्हणतो? 'तो आला की सांगेन' म्हणतो, अजून आलेला नसताना.

'शॅल'चं तर विचारूच नका. जॉन वॉलिस या गणितज्ञाने 1653च्या व्याकरणात नियम घातला: नुसतं भविष्य सांगताना आय-वीला शॅल, बाकीच्यांना विल, वचन किंवा धमकी द्यायची तर उलट. त्यावरचा जुना विनोद असा, की बुडणारा परदेशी 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' असं ओरडला आणि काठावरच्या सभ्य मंडळींनी त्याच्या इच्छेला मान दिला. आता शॅल उरलंय ते मुख्यतः 'शॅल वी गो?'सारख्या विचारणेत आणि करारनाम्यांत.

आणि 'द डोअर वोन्ट ओपन', म्हणजे 'विल नॉट ओपन'? दार आत्ता, या क्षणी अडून बसलंय. यात भविष्य कुठलं? विलचा जुना अर्थच मुळी इच्छा असणे. म्हणून बरेच भाषाशास्त्रज्ञ त्याला कॅन, मे, मस्टच्या पंगतीत बसवतात आणि सांगतात, की रूपं पाहिली तर इंग्रजीत काळ दोनच, वर्तमान आणि भूत. ते खरं असेलही. पण बारा खान्यांचा तक्ता फळ्यावर दिसतो मोठा झोकदार.