आमची वाटचाल: तीस मिलिग्रॅमची गोष्ट

वाळूज एमआयडीसीत आम्ही लॅब सुरू केली तेव्हा जवळ एक मफल फर्नेस (नमुने जाळायची बंद भट्टी), चार दशांशांचा वजनकाटा आणि जुनं आयआर मशीन (इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखणारं) एवढंच होतं. काम ठरलेलं: ग्लास फायबरच्या रोव्हिंगवर, म्हणजे काचेच्या तंतूंच्या जुडग्यावर, साइझिंग किती आणि कसलं, ते काढायचं. साइझिंग म्हणजे तंतूंवरचा पातळ लेप, त्याच्यामुळे तंतू रेझिनला, म्हणजे त्यांना बांधणाऱ्या प्लॅस्टिकला, धरून राहतात. पाच ग्रॅम रोव्हिंग १०५ अंशांवर वाळवायची, ६२५ वर जाळायची, डेसिकेटरमध्ये (ओल न लागू देणाऱ्या बंद भांड्यात) गार करून पुन्हा वजन. ०.६ टक्के साइझिंग म्हणजे फक्त ३० मिलिग्रॅम. बोटाचा घाम लागला तरी आकडा हलतो. चिमट्याशिवाय क्रुसिबलला, म्हणजे जाळायच्या वाटीला, मी आजही कुणाला हात लावू देत नाही.

मग तो लॉट आला. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा. आकडा ०.६, मर्यादेत. पण ॲसिटोनमध्ये उतरवलेला अर्क आयआरवर लावला तर इपॉक्सीच्या खुणा, १५१० आणि ८३० ला, ठसठशीत पीक; पॉलिस्टरची खूण, १७३० ला, जवळपास काही नाही. साइझिंग इपॉक्सीचं, कागदावर पॉलिस्टरचं, आणि गिऱ्हाइकाचं रेझिनही पॉलिस्टर! मी रिपोर्टात स्पष्ट लिहिलं. रोव्हिंगचा पुरवठादार भडकला. दुसऱ्या एका लॅबने निम्म्या दरात नुसती जळीत घट काढून ‘पास’ दिलं आणि आमचं काम तिकडे गेलं. त्यांचा आकडा चुकीचा नव्हता, हेच मला अजून खुपतं. किती आहे ते मोजलं, काय आहे ते बघितलंच नाही.

फर्नेसचे हप्ते थकले. गावाकडच्या कापसाची पट्टी आली, तीही बँकेत गेली. त्या दिवसांत चिकलठाण्याचे टाकीवाले काका तेवढे यायचे, स्कूटरवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली बॉबिन घेऊन, पैसे आधी देऊन. ‘‘स्वस्तात पास करणारे लई हायेत. मला ॲसिडची टाकी गळून परत यायला नको,’’ म्हणायचे.

पुढे त्या लॉटच्या शीटा पाण्यात उकळल्यावर थर सुटले. तुकडा आमच्याकडेच आला. तुटलेल्या कडेला फायबर नुसते बाहेर आलेले, स्वच्छ, रेझिनचा कण चिकटलेला नाही. काम परत मिळालं. ‘तुमचं बरोबर होतं’ हे मात्र आजवर कुणी म्हटलं नाही.

नंतरची वर्षं बरी गेली.

या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, फर्नेसच्या आधी व्होल्टेज स्टॅबिलायझर घ्या. कार्बन फायबर हवेत असं जाळू नका, साइझिंगबरोबर फायबरही जळतं. ते सॉल्व्हंटनेच उतरवा. आणि सॅम्पल बॉबिनच्या वरच्या थरातून कापू नका. वाळवताना पाण्याबरोबर साइझिंग बाहेरच्या बाजूला सरकतं, तिथला आकडा जास्तच येतो.