हेवर्डचा १० बाय १० गाळा: माल, हिशोब आणि एक रंधा

मंडळी, भाडं थकलेल्या साठवणीच्या गाळ्यांतला माल लिलावात घ्यायचा आपला छंद. त्यात कॅलिफोर्नियातल्या हेवर्डचा १० बाय १० फुटांचा गाळा मला मिळाला आणि काल रिकामा करून चावीही देऊन आलो. बोली २६० डॉलरवर थांबली, वर संकेतस्थळाचं कमिशन. सफाईची १०० डॉलर अनामत गाळा झाडून दिल्यावर परत मिळाली. माल उचलायला ७२ तास होते आणि ते पुरले.

या छंदात नव्याने आलेल्यांसाठी थोडं कायद्याचं. कॅलिफोर्नियात भाडं सलग १४ दिवस थकलं की गाळ्यांच्या आवाराचा मालक पहिली नोटीस धाडू शकतो. त्यात पैसे भरायला आणखी किमान १४ दिवस द्यावे लागतात. तेवढ्यातही भरणा झाला नाही तर सामानावर बोजा (थकबाकीपोटी मालकाचा हक्क) चढतो, मग लिलावाची वेगळी नोटीस, मग जाहीर सूचना. लिलाव होण्याआधी भाडेकरूने थकबाकी भरली तर सगळं रद्द होतं. फोटो पाहण्यात आपली संध्याकाळ गेलेली असते, तरीही अशा वेळी मला मनापासून बरं वाटतं. थकबाकी आणि खर्च वजा जाऊन बोलीतून काही उरलं तर ते भाडेकरूचं असतं. वर्षभरात त्याने मागितलं नाही तर काउंटीकडे जमा होतं.

आता गाळ्याकडे वळतो. पूर्वी शटर उघडायचे आणि उंबऱ्याबाहेरून टॉर्च मारून पाहायचं, आत पाय टाकायचा नाही. हल्ली बहुतेक लिलाव ऑनलाइन, त्यामुळे चार-सहा फोटोंवरच भिस्त. मी सगळ्यात आधी जमीन पाहतो. मध्येच मोकळी जागा आणि धुळीत ओढल्याच्या खुणा असतील, तर चांगला माल आधीच हलवलेला असण्याची शक्यता मोठी. इथे धूळ एकसारखी होती. खोकी एकाच मापाची, चिकटपट्टी नीट लावलेली. आणि डाव्या भिंतीला, उभ्या गादीच्या आडून, तपकिरी खरबरीत रंगाच्या पेटीचा कोपरा दिसत होता. केनेडी कंपनीची कप्प्यांची पेटी! मशिनवर काम करणारा माणूस अशा पेटीत हत्यारं जपून ठेवतो.

बोलीचा आकडा मात्र पेटीवरून ठरवला नाही. या वर्षी मी ठरवून एक पद्धत पाळतोय: आधी फेकायच्या मालाचा हिशोब, मग बोली. फोटोत दोन गाद्या, छोटा फ्रीज, टायर आणि रंगाचे डबे दिसत होते. कॅलिफोर्नियात गाद्या पुनर्वापर केंद्रावर फुकट घेतात. फ्रीजमधला वायू मात्र रीतसर काढून घ्यावा लागतो, रंग धोकादायक कचऱ्यात जातो, टायरचे वेगळे पैसे पडतात. ही बेरीज आणि ट्रकचं भाडं वजा केल्यावर जो आकडा उरला, त्याच्या वर जायचं नाही असं आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं. माझ्या मते सगळ्यांनीच असं करावं. शेवटच्या दोन मिनिटांत आकडे पळायला लागले की डोकं ठिकाणावर राहत नाही.

आत गेल्यावर पहिलं काम कागदपत्रांचं. करांच्या फायली, फोटोंचे अल्बम, एका मुलीचं शाळेचं प्रमाणपत्र. हे सगळं वेगळ्या खोक्यात भरून त्याच दुपारी आवाराच्या ऑफिसात दिलं, भाडेकरूला परत करायला. नियमात बसतं म्हणून नव्हे, नियम नसता तरी दिलं असतं.

पेटीत मायक्रोमीटर, डायल इंडिकेटर (दोन्ही बारीक मापं घ्यायला), तेलाच्या कागदात गुंडाळलेले टॅप (आटे पाडायची हत्यारं). आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात गंजलेला स्टॅन्लेचा ५ नंबरचा रंधा, १४ इंची. पातं काढून फ्रॉगच्या (पातं ज्यावर टेकतं त्या ठोकळ्याच्या) मागे ब्रश मारला तसे ओतीव आकडे वर आले: मार्च २५, ०२, ऑगस्ट १९, ०२, एप्रिल १९, १०. तीन पेटंट-तारखा म्हणजे जाणकारांच्या वर्गवारीत टाइप ११, साधारण १९१० ते १९१८ मधला. मूठ शिसवी लाकडाची, वरचं टोक शाबूत. एवढ्या जुन्या रंध्याचं ते बहुधा तुटलेलंच असतं. रात्रभर एव्हॅपो-रस्ट या गंज काढायच्या द्रावणात बुडवून ठेवला, काळं रोगण जराही गेलं नाही. पात्याला धार लावून पाइनच्या फळीवर चालवला तर कागदासारखा पातळ छिलका सलग निघाला. हा विकणार नाही.

मायक्रोमीटर आणि टॅप ऑनलाइन गेले, तेवढ्यातच गाळ्याचा खर्च वसूल झाला. काचसामान आणि दोन जुने दिवे अलामीडाच्या अँटिक बाजारात नेणार आहे. तो महिन्याच्या पहिल्या रविवारी भरतो आणि २० वर्षांपेक्षा नवी वस्तू तिथे चालत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक पारखी असतं.

पुढचा डोळा सॅन लिअँड्रोच्या ५ बाय १० गाळ्यावर आहे. फोटोत ताडपत्रीखाली लेथचा (धातू कातायच्या यंत्राचा) टेलस्टॉक, म्हणजे टोकाकडचा आधार, दिसतोय. ठेवणीवरून लेथ साउथ बेंड कंपनीचा ९ इंची वाटतो. शनिवारी रात्री बोली बंद होते. असा लेथ कुणी सुटा करून पिकअपमधून नेला असेल तर आधी काय उतरवलं, बेड (खालचा लोखंडी पाया) उचलायला किती माणसं लागली, तेवढं सांगा. माझा आकडा त्यावरच ठरेल.