संक्रांतीनंतरचा मांजा

संक्रांत होऊन आठवडा लोटला, तरी आमच्या येवल्यातल्या कडुनिंबावर अडकलेल्या नायलॉन मांजात आज एक घार लोंबकळताना दिसली. शेजारच्या काकांनी शिडी लावून, धागा न ओढता दोन्ही बाजूंनी कापला, तिच्यावर सुती पंचा टाकला आणि भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवले. चोचीत पाणी ओतण्याचा मोह (माझाच!) त्यांनी आवरला, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच या मांजावर बंदी घातली, तरीही दुपारी नुसत्या गच्चीवरून आणि कुंपणावरून गोळा केलेल्या गुंत्याने अख्खी पिशवी भरली. तो तसाच टाकला तर उकिरड्यावरच्या पक्ष्यांच्या पायांत अडकेल, म्हणून आता कात्रीने त्याचे बोटभर तुकडे करत बसलो आहे.