डॉक्टरांची एक सही आणि अंदमानातील प्रवाळांची पाहणी

प्रवाळभिंतींच्या पाहणीला स्वयंसेवक म्हणून जाण्याची इच्छा असलेल्या पुणेकरांना, त्यातही पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना, माझे पहिले सांगणे असे की विमानाचे तिकीट, रजेचा अर्ज आणि पोहण्याचा सराव या सगळ्याच्या आधी वैद्यकीय अर्जाचे तिसरे पान हातात घ्यावे. बाकीच्या गोष्टी वेळ आणि पैसे दिले की मार्गी लागतात. ते पान मात्र गल्लोगल्ली दवाखाने असलेल्या या शहरात माझ्यासाठी पावसाळाभर अडून राहिले, आणि त्याची चीड अजून पुरती ओसरलेली नाही.

जावेसे का वाटले ते थोडक्यात सांगते. १५ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागर आणि हवामानविषयक सरकारी संस्थेने जगभरात प्रवाळांचे चौथे जागतिक विरंजन, म्हणजे तापलेल्या पाण्यामुळे प्रवाळ पांढरे पडणे, सुरू असल्याचे जाहीर केले आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपमधील प्रवाळ पांढरे पडल्याच्या बातम्या आल्या. त्याआधी पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांचा सागरी उष्णतेच्या लाटांवरील २०२२ मधील अभ्यास माझ्या वाचनात आला होता. मे २०२० मधील लाटेनंतर मन्नारच्या आखातातील ८५ टक्के प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद त्यात आहे. पाण्याचे तापमान उपग्रहावरून कळते, पण तळाशी त्यातले किती प्रवाळ तगले आणि किती मेले हे कोणीतरी खाली उतरून मोजल्याशिवाय कळत नाही. अशी मोजणी प्रशिक्षित स्वयंसेवकांकडून करून घेण्याची पद्धत १९९०च्या दशकापासून जगभर चालत आली आहे, आणि स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याचे, प्राथमिक प्रमाणपत्र माझ्याकडे पूर्वीपासून होते. ते मी काही वर्षांपूर्वी तारकर्लीला मिळवले होते. तेव्हा गोळी सुरू झालेली नव्हती, वैद्यकीय अर्जातली सगळी उत्तरे ‘नाही’ होती आणि माझी स्वतःची सही पुरेशी ठरली होती.

या वेळी तसे नव्हते. अर्जाच्या पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. दुसरा प्रश्न वयाचा आहे. पंचेचाळीसच्या पुढे असाल तर दुसऱ्या पानावर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि जवळच्या नात्यातील हृदयविकार यांविषयीचे पोटप्रश्न सोडवावे लागतात. दहावा प्रश्न डॉक्टरांनी लिहून दिलेले एखादे औषध चालू आहे का, असा आहे. गर्भनिरोधक गोळ्या आणि हिवतापाची बहुतेक औषधे त्यातून वगळली आहेत, बाकी कोणत्याही औषधासाठी ‘होय’ लिहिले की आपण थेट तिसऱ्या पानावर जाऊन पोहोचतो. हे पान डॉक्टरांचे. वर आपले नाव आणि जन्मतारीख, मध्ये दोन चौकटी, एक संमतीची आणि एक नकाराची, आणि खाली सही, तारीख व शिक्का. संपूर्ण पान वाचायला दोन मिनिटे पुरतात.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ते वाचले आणि प्रामाणिकपणे सांगितले, “अहो, तुमचा रक्तदाब उत्तम आहे, पण पाण्याखालच्या दाबाचे मला काही कळत नाही. मी माझ्या लेटरहेडवर लिहून देतो.” त्यांनी ‘प्रवासास सक्षम’ असे लिहून दिले. मोहीम आखणाऱ्या संस्थेने ते पत्र परत पाठवले आणि ठरलेल्या नमुन्यातील पानाखेरीज काहीही चालणार नाही असे कळवले. तेवढ्यापुरते ते योग्यच होते.

त्यानंतर शहरातील एका मोठ्या रुग्णालयात गेले. तिथे आधी आरोग्य तपासणीचे पॅकेज घ्यावे लागले आणि त्यात रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, डोळे असे सर्व काही तपासून झाले. अहवाल घेण्याच्या खिडकीवर मी ते पान पुढे केले, तेव्हा पलीकडून विचारणा झाली की कंपनी कोणती. कंपनी नाही, समुद्रातील पाहणीसाठी हवे आहे, असे सांगितल्यावर पान काचेखालून परत सरकवण्यात आले. “मॅडम, सर्टिफिकेट आमच्या फॉरमॅटमध्येच मिळेल.” त्या फॉरमॅटमध्ये मी कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचे लिहिलेले होते. मी कोणत्याही कामावर रुजू होणार नव्हते.

मग हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी स्ट्रेस टेस्ट आणि टू-डी इको करून घेतले, दोन्ही चांगले आले, आणि सहीचा विषय निघताच ही मेडिको-लीगल बाब असल्याचे सांगून त्यांनी पान हातातही घेतले नाही. मी म्हटले की मला पाण्यात जाऊ देऊ नये असे आपले मत असेल तर नकाराची चौकट आहे, तिथे खूण करावी, मी तो निर्णय मानेन. त्यावर उत्तर आले की ते यावर काहीच लिहिणार नाहीत. सही न करण्याचा डॉक्टरांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे, कारण जोखीम खरी आहे आणि नाव त्यांचे लागते. परंतु तपासण्यांचे पैसे घेतल्यानंतर, ज्या प्रश्नासाठी त्या तपासण्या केल्या तो प्रश्न वाचण्यास नकार देणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

आणखी एका ठिकाणी सही मिळाली, शिक्काही मिळाला. रिक्षात बसून पान नीट पाहिले, तर छापील मजकुरातील ‘स्कूबा डायव्हिंग’ हे शब्द निळ्या शाईच्या एका रेघेने खोडून त्यावर बारीक अक्षरात ‘पोहणे’ असे लिहिलेले होते. शेजारी लहानशी सहीदेखील होती, चेकवरील खाडाखोडीजवळ करतात तशी. संस्थेने तेही पान नाकारले. म्हणून सांगते, अर्जाच्या तीन-चार कोऱ्या प्रती नेहमी जवळ ठेवाव्यात आणि खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी डॉक्टरांसमोरच पान वाचून घ्यावे.

या सगळ्या काळात मला सर्वाधिक मिळालेला सल्ला एकच होता: सगळीकडे ‘नाही’ लिहून टाका, तिथे कोण तपासायला येणार आहे? हा सल्ला देणारी माणसे माझ्याच हिताची होती, तरीही तो कोणी मानू नये असे मी कळकळीने सांगते. पाण्याखाली काही झाले तर आपला जोडीदार आणि प्रशिक्षक आपण लिहिलेल्या उत्तरांच्या भरवशावर निर्णय घेत असतात, आणि वर आणायला त्यांनाच जीव धोक्यात घालावा लागतो. खोटे उत्तर उघड झाले तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, हा मुद्दा त्यानंतरचा.

संस्थेकडून मदत मागितली तेव्हा ‘आपल्या जवळच्या डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरांकडे जावे’ एवढेच उत्तर आले. वर्षानुवर्षे स्वयंसेवक नेणाऱ्या कोणत्याही संस्थेने, प्रत्येक शहरातून आधी आलेल्या माणसांना विचारून, अशा डॉक्टरांची यादी ठेवायला हवी. त्याला फारसा खर्च नाही. ते न केल्यामुळे, ज्यांच्याकडे चिकाटी किंवा रजा नाही असे चांगले पोहणारे लोक पहिल्याच टप्प्यावर गळतात आणि पाहणीला माणसे मिळत नाहीत अशी तक्रार मात्र दरवर्षी राहते.

वाट शेवटी पोहण्याच्या टँकवर सापडली. सकाळच्या बॅचला येणाऱ्या, नौदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी सांगितले की पाण्याखालील वैद्यक हा नौदलाचाच विषय आहे, मुंबईच्या ‘आयएनएचएस अश्विनी’ रुग्णालयात त्याचे प्रशिक्षण होते, आणि तिथून निवृत्त झालेले डॉक्टर पुण्यात राहायला आलेले असतात. अशाच एका डॉक्टरांची वेळ त्यांनी मिळवून दिली. डॉक्टरांनी तिन्ही पाने क्रमाने वाचली. गोळी कोणती, किती वर्षे, मात्रा शेवटची कधी बदलली, घरी मोजलेल्या रक्तदाबाची वही आहे का, पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढता का, असे त्यांचे नेमके प्रश्न होते. मग त्यांनी मला समजावून सांगितले की माणूस पाण्यात उतरला की हातापायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरील ताण वाढतो; रक्तदाब आटोक्यात नसेल तर अशा वेळी फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका असतो. काही गोळ्या, विशेषतः बीटा-ब्लॉकर गटातील, श्रमाच्या वेळी हृदयाची गती वाढू देत नाहीत, त्यामुळे त्या घेणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. माझी गोळी टेल्मिसार्टनची असल्याने तो प्रश्न नव्हता. स्ट्रेस टेस्टचा अहवाल त्यांनी आलेखासकट पाहिला, पुन्हा एकदा रक्तदाब मोजला, संमतीच्या चौकटीत खूण केली, सही केली आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का मारला. मला भर रस्त्यात मोठ्याने बोलावेसे वाटेल इतका आनंद झाला होता.

डॉक्टरांसाठी या अर्जासोबतचे मार्गदर्शन ‘अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिकल सोसायटी’ने मोफत उपलब्ध करून दिलेले आहे. त्याची छापील प्रत नेली तर रोजच्या व्यवहारात डायव्हिंगशी संबंध न येणाऱ्या चांगल्या डॉक्टरांनाही आधार मिळतो. आणि फी भरण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारावा: हे पान आपण भरून द्याल का?

चेन्नईमार्गे श्रीविजयपुरम्, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, आणि तिथून बोटीने स्वराज द्वीप हा प्रवास सुरळीत झाला. पहिल्या डाइव्हला आमची केवळ तरंगण्याची परीक्षा घेण्यात आली, कारण ज्याला तळापासून हातभर वर स्थिर राहता येत नाही तो प्रवाळ मोजण्याऐवजी मोडतो. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे; मेलेला तुकडाही उचलून आणता येत नाही.

मोजणीची पद्धत शंभर मीटरच्या फितीची आहे. त्या फितीवर वीस-वीस मीटरचे चार भाग, मध्ये पाच-पाच मीटर मोकळे. फीत अंथरल्यावर मासे पुन्हा निर्धास्त व्हावेत म्हणून पंधरा मिनिटे थांबायचे, मग आधी मासे, नंतर समुद्रकाकड्या, शिंपले, सागरी साळू वगैरे आणि शेवटी तळ. तळ दर अर्ध्या मीटरला तपासतात, म्हणजे एका फितीवर १६० बिंदू. प्रत्येक बिंदूवर दोरीला बांधलेला ओळंबा सोडायचा आणि तो ज्यावर टेकेल तेच लिहायचे, शेजारी कितीही सुंदर प्रवाळ असले तरी. माझा ओळंबा एकदा शेवाळाचा करडा थर चढलेल्या फांदीवर टेकला. जवळ जाऊन पाहिले तर थराखाली प्रवाळाच्या घरट्यांची बारीक छिद्रे अजून स्पष्ट दिसत होती. ती ओळखू येत असतील तर ‘नुकतेच मेलेले’, झिजून गेली असतील तर नुसता ‘खडक’. पांढरे पडलेले पण जिवंत प्रवाळ मात्र जिवंतातच मोजतात, कारण पाणी वेळेवर थंड झाले तर ते सावरू शकते. त्या एका नोंदीसाठी मी इतका वेळ घेतला की जोडीदाराने हवेचा काटा दाखवला.

इथे चाळिशीचा प्रश्न येतो, जो मला कोणीच आधी सांगितला नव्हता. पाण्याखाली नोंदी लिहायच्या पाटीवरील चौकटी बारीक असतात आणि मास्कमध्ये चष्मा घालता येत नाही. मास्कच्या काचेला आतून चिकटवायची लहान भिंगे मिळतात, ती पुण्यातूनच घेऊन जावीत आणि टँकमध्ये वापरून पाहावीत. पाटीवर साधी शिसपेन्सिल उत्तम चालते. ती सुतळीने बांधून ठेवावी. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे माशांच्या लांबीचा अंदाज चुकतो, आणि हेकरूसारखे मासे तीस सेंटिमीटरच्या वर असतील तरच मोजायचे असल्याने ही चूक थेट आकडेवारीत जाते. आम्हाला त्यासाठी ठरावीक लांबीच्या काठ्या पाण्याखाली दाखवून सराव दिला गेला.

परतीच्या विमानाआधी शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास जाऊ द्यावे लागतात, तेव्हा तिकीट काढतानाच एक कोरडा दिवस धरावा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा येत नाही, त्याचा स्वतंत्र विमा घ्यावा. बोट लागण्यावरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून त्याच डॉक्टरांना तेही विचारून घ्यावे.

वैद्यकीय पान सहीच्या तारखेपासून एक वर्ष ग्राह्य धरले जाते. त्याच फितींवर पुढच्या हंगामातही मोजणी व्हायची आहे, कारण उन्हाळ्यापूर्वीच्या आकड्यांशी नंतरचे आकडे ताडून पाहिले तरच त्यांचा उपयोग होतो. मी डॉक्टरांची पुढची वेळ गणपतीनंतरची घेऊन ठेवली आहे, आणि पुण्यातून येऊ इच्छिणाऱ्यांना त्यांचा पत्ता द्यावा, असे संस्थेला त्यांच्या परवानगीने कळवले आहे.