सार्वमतात मत कोणाचं? पश्चिम सहाराची मतदारयादी

स्वयंनिर्णयाच्या हक्कावर वाद होतो तो बहुतेक वेळा तत्त्वाचा. खरं तर तत्त्व कधीच कागदावर आलंय. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या पहिल्या कलमात ते आहे, वसाहतींच्या मुक्ततेसाठी १९६० साली झालेल्या ठराव क्र. १५१४ मध्ये आहे आणि १९६६ च्या दोन्ही मानवी हक्क करारांची सुरुवातच त्याने होते. घोडं अडतं ते मतदारयादीवर. पश्चिम सहाराइतकं हे दुसरीकडे कुठेच स्पष्ट दिसत नाही.

वायव्य आफ्रिकेतला हा प्रदेश स्पेनची वसाहत होता. मोरोक्कोने त्यावर जुना ऐतिहासिक हक्क सांगितला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ ऑक्टोबर १९७५ रोजी मत दिलं की काही टोळ्यांची मोरोक्कोच्या सुलतानाशी निष्ठा होती, पण त्यातून प्रदेशावरचं सार्वभौमत्व सिद्ध होत नाही, म्हणून स्वयंनिर्णयाचा हक्क अबाधित आहे. तीनच आठवड्यांत मोरोक्कोने सुमारे साडेतीन लाख नागरिकांचा 'हरित मोर्चा' सीमेपार नेला. पुढे मोरोक्को आणि पोलिसारियो, म्हणजे साहरावींची (इथल्या मूळ रहिवाशांची) स्वातंत्र्यवादी संघटना, यांच्यात युद्ध झालं. १९९१ मध्ये शस्त्रसंधी झाली आणि सार्वमत घेण्यासाठी 'मिनुर्सो' ही संयुक्त राष्ट्रांची मोहीम आली. मतदान ठरलं होतं जानेवारी १९९२ मध्ये.

ते आजवर झालेलं नाही.

यादीचा पाया होता १९७४ ची स्पॅनिश जनगणना. तिच्यात सुमारे ७४ हजार साहरावींची नोंद होती. पोलिसारियोला तेवढीच पुरेशी वाटत होती. मोरोक्कोचं म्हणणं, वसाहतकाळात परागंदा झालेले हजारो लोक तिच्यातून सुटले. म्हणून पात्रतेचे पाच निकष आले: जनगणनेत नाव असलेले; तेव्हा तिथेच राहूनही नोंद राहून गेलेले; या दोघांचे आईवडील आणि मुलं; त्या प्रदेशात जन्मलेल्या साहरावी बापाची मुलं; आणि डिसेंबर १९७४ पूर्वी तिथे सलग सहा किंवा तुटक बारा वर्षं राहिलेले टोळीचे सदस्य. खरी भांडणं शेवटच्या दोन निकषांवर झाली. भटक्या समाजात जन्मदाखले कुठून असणार? तेव्हा तोंडी साक्ष ग्राह्य धरली आणि प्रत्येक उपटोळीसाठी दोन्ही बाजूंचा एकेक शेख, म्हणजे टोळीप्रमुख, बसवला. अर्जदार आपलाच माणूस आहे की नाही, हे दोघांनी सांगायचं. निवाडा अनेकदा राजकीय सोयीने व्हायचा. एक शेख आला नाही की त्या गटाचं काम थांबायचं. १९९६ मध्ये सगळंच बंद पडलं आणि दोन्ही बाजूंमधल्या १९९७ च्या ह्यूस्टन करारानंतर पुन्हा सुरू झालं.

शेवटी १,९८,४६९ अर्जदारांची ओळख तपासून झाली आणि पात्र ठरले ८६,३८६. लगेच १ लाख ३० हजारांवर अपिलं आली, म्हणजे तीच छाननी पुन्हा करायची.

यादीचा पेच गोव्यालाही चुकला नव्हता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांना मत असावं, ही मागणी नाकारली गेली. विलीनीकरणाचा प्रस्ताव ३४,०२१ मतांनी पडला. अर्थात तो भारतांतर्गत दर्जाचा प्रश्न होता, आंतरराष्ट्रीय कायद्यातला स्वयंनिर्णय नव्हे.

पूर्व तिमोरमध्ये १९९९ साली नियम आटोपशीर ठेवले. वय १७ पूर्ण, आणि स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म तिथला, किंवा अशा व्यक्तीशी लग्न झालेलं. महिन्याच्या आत साडेचार लाखांवर मतदार नोंदले गेले आणि ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियांतर्गत स्वायत्तता नाकारली. नंतर भयंकर हिंसाचार झाला, पण निकाल टिकला. कारण इंडोनेशियाने मतदानाला आधी मान्यता दिली होती आणि नंतर आंतरराष्ट्रीय फौज उतरली.

पश्चिम सहारात अशी तजवीजच नव्हती. हरणाऱ्या बाजूने निकाल झिडकारला तर तो अमलात आणण्याची यंत्रणा या आराखड्यात नाही, हे संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी २००० च्या अहवालात नोंदवलं. संयुक्त राष्ट्रांचे दूत जेम्स बेकर यांच्या २००३ च्या योजनेत १९९९ अखेरपासून त्या प्रदेशात सलग राहणाऱ्या सगळ्यांना, म्हणजे मोरोक्कोतून येऊन वसलेल्यांनाही, मत दिलं होतं. पोलिसारियोने ती स्वीकारली, मोरोक्कोने फेटाळली. माझ्या लेखी इथे सगळा उलगडा होतो. यादी रुंद करूनही नकार आला, कारण मतपत्रिकेवर स्वातंत्र्याचा पर्याय होता. २००७ पासून मोरोक्को मांडतो ती स्वायत्ततेची योजना. स्वातंत्र्य तिच्यात नाही.

तरीही तो हक्क मेलेला नाही. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने मोरोक्कोबरोबरच्या शेतमाल आणि मासेमारी करारांविरुद्ध निकाल दिला. पश्चिम सहारात सध्या राहणाऱ्यांशी केलेली सल्लामसलत म्हणजे साहरावींची संमती नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. साहरावींचा मोठा हिस्सा त्या प्रदेशाबाहेर आहे; पुष्कळ जण अल्जीरियातल्या तिंदूफच्या छावण्यांत राहतात.