तार तिरकी घालायची

दर वर्षी १६ डिसेंबर जवळ आला की कुणी ना कुणी विचारतंच, "तुमचे वडील एकाहत्तरच्या लढाईत होते ना? काय काय सांगायचे हो?" यंदा सोसायटीतल्या काकूंनी विचारलं, आणि वर म्हणाल्या, "लिहूनच दे, विजय दिवसाला वाचून दाखवू." तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, काकू: काही सांगायचे नाहीत. तुमचा हिरमोड झाला असेल, तर आमचाही झाला होता.

अण्णा साताऱ्याकडचे. खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये रंगरूट म्हणून आले, हवालदार होऊन निवृत्त झाले आणि बोपोडीतच राहिले. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, रस्ते करणारे, सुरुंग काढणारे. कारवारकडचे रामा राघोबा राणे याच बॉम्बे सॅपर्सचे. १९४८ साली नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रणगाड्यांना सुरुंग आणि अडथळे काढून त्यांनी वाट करून दिली, परमवीरचक्र मिळालं. त्यांचं नाव घेताना अण्णा आपोआप ताठ बसत. मला मात्र शाळेत एकाहत्तरमधली बसंतरची लढाई पाठ होती. अरुण खेत्रपाल, पूना हॉर्सचे रणगाडे. अण्णा पश्चिम सीमेवरच होते, पण त्या लढाईत नव्हते. मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, "सुरुंगांतली वाट पुरी व्हायच्या आतच रणगाडे घातले तिथं. धाडस रणगाड्यांचं खरंच. पण वाट करणाऱ्यांची नावं तुझ्या पुस्तकात आहेत का?" नव्हती. "लढाई तेरा दिवसांची," ते पुढं म्हणाले, "आमचं काम त्यानंतर कितीतरी महिने चाललं." युद्धबंदी झाल्याचं जमिनीतल्या सुरुंगाला कोण कळवणार!

एवढंच. बाकी त्यांचं बोलणं खो-खोचं.

निवृत्तीनंतर ते एका कारखान्याच्या गेटवर ड्युटी करायचे आणि पहाटे वस्तीतल्या पोरापोरींना घेऊन शाळेमागच्या मैदानावर. फी नाही, पण उशिरा आलेल्याला मैदानाला पाच फेऱ्या. डालड्याच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडून ते स्वतः फक्की मारायचे. दोन खुंटांमध्ये सुतळी ताणून मधली पाटी आखायची, बरोबर तीस सेंटिमीटर रुंद. रेघ जरा वाकडी झाली की पुसून पुन्हा. आम्हाला हसू यायचं. कुठल्या स्पर्धेला चाललोय आपण!

पण फक्कीच्या आधी एक काम असायचं. आम्ही अनवाणी खेळायचो, आणि त्या मैदानावर रात्री बाटल्या फुटायच्या. आम्ही ओळीनं चालत वरच्या काचा वेचायचो. खालच्या अण्णांच्या. उकिडवे बसून, सायकलच्या चाकाची तार हातात घेऊन, वीत-वीत जमीन टोचत पुढं सरकायचे. तार अडली की थांबायचे, बोटांनी माती बाजूला करायचे, खडा असो की काच, काढून डब्यात टाकायचे. मी नववीत असताना एकदा माझ्या हातात तार दिली. मी घातली सरळ खाली. त्यांनी माझं मनगट असं धरलं, की दुखलं.

"तिरकी. तिरकी घालायची. सरळ खुपसलीस की वरून दाब पडतो."

"काचेवर दाब पडला तर काय होतं, अण्णा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मनगट सोडलं आणि म्हणाले, "काही होत नाही. घाल कशीबी."

मला वाटतं, काकू, तुम्हाला हवी ती गोष्ट हीच. तेव्हा मला कळली नाही. सहलीला गेलो तर गवतातून आधी अण्णा चालणार आणि आम्ही भावंडं त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून मागे. आई म्हणायची, "अहो, सिंहगडाची पायवाट आहे ही, जरा मोकळं सोडा पोरांना." ते हो म्हणायचे आणि पुढं व्हायचे. रात्री बॅटरी लावून आमचे तळवे बघायचे, काटा दिसला की सुई. धाकट्याला गुदगुल्या व्हायच्या, तो लाथा मारायचा, हे मुकाट्यानं खायचे.

त्या मैदानावर आता गाड्या लागतात. कुणी लावायला दिल्या, त्यात शिरत नाही. त्यांच्या हाताखालच्या दोघी राज्य स्पर्धेपर्यंत गेल्या, मी त्यांतली नव्हे. मी जिल्ह्यातच बाद.

अण्णांना जाऊन दहा वर्षं होत आली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मुलं आणि मुली, दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले. मुलींची कप्तान प्रियांका इंगळे आणि मुलांचा प्रतीक वाईकर, दोघं आपल्याच महाराष्ट्राचे. मी आणि आई टीव्हीसमोर. आईला खो-खोतलं काही कळत नाही, इतकी वर्षं फक्कीचे कपडे तेवढे धुतलेत तिनं. बराच वेळ बघून विचारलं, "हे खाली काय अंथरलंय?"

"मॅट आहे, आई. आता मॅटवरच खेळतात."

"म्हणजे काच नाही."

"नाही."

"मग यांनी पहाटे केलं काय असतं?" म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.