ब्लाऊजमधली माया संपली तेव्हा

सांगलीच्या वखारभागातल्या आमच्या टेलरनं ब्लाऊज उलटा केला, शिवण बघितली आणि म्हणाला, "वहिनी, यात आता माया उरली नाही." फेब्रुवारीत मी ५८ किलो होते, जूनमध्ये ६५.

मधल्या काळात नवीन एकच गोष्ट होती, रात्रीची मिर्टाझापीन, उदासीवरची गोळी. उदासी होती, झोप उडाली होती, म्हणून सुरू केली. गुण आला, खोटं कशाला बोलू. झोप लागायला लागली, पतसंस्थेतले हिशेब पुन्हा जुळायला लागले. पण गोळी घेतली की तासाभरात अशी भूक खवळायची की भडंगाचा डबा ओट्याशी उभ्याउभ्याच रिकामा व्हायचा, तळाचे शेंगदाणे वेचून. सासूबाई म्हणायच्या, "अंगाला लागतंय, चांगलंय की." मी मात्र स्वतःला हावरट म्हणत होते.

डॉक्टरांना विचारावं तर पुढची तारीख ऑगस्टमधली. मधला नंबर हवा तर सोमवारी सकाळी ८ ला फोन करायचा. लागोपाठ तीन सोमवार केला. पहिले दोन्ही सोमवार एंगेज. तिसऱ्याला लागला, तर "आजचे नंबर संपले." तेव्हा ८ वाजून ११ मिनिटं झाली होती.

शेवटी रजा टाकून गेले. काउंटरवरच्या मुलीनं सगळ्यांच्या देखत खणखणीत आवाजात विचारलं, "काकू, त्रास काय होतोय?" मी हळूच म्हटलं, "वजन वाढलंय." "मग डाएटिशियनकडे जायचं ना! इथं मनाचं बघतात." मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. माझी फाइल तिच्या हातात होती. दर भेटीच्या कागदावर 'वजन' असा रकाना छापलेला, आणि तो दर वेळी कोरा. वजनकाटा होता की, कोपऱ्यात, वर जुन्या पेपरांचा गठ्ठा रचलेला!

त्या रागात घरी येऊन मी मोठा शहाणपणा केला, गोळी एकदम बंद केली. कृपा करून हे करू नका. दुसऱ्या रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही, पोटात ढवळायचं, आणि चौथ्या दिवशी आयर्विन पुलावर गरगरलं, तेव्हा ह्यांनी गाडी कडेला घेतली. अशा वेळी १४४१६ वर फोन करता येतो, मनाच्या त्रासासाठीची सरकारची टेलि-मानस सेवा, फुकट आणि चोवीस तास. हे मला कळलं ते सगळं उरकल्यावर.

काम झालं ते एका चिठ्ठीनं. गोळीचं नाव, चालू केल्याची तारीख, दर महिन्याचं वजन आणि 'चार दिवसांपासून गोळी बंद आहे' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. काउंटरवर एवढंच म्हटलं, "हे फाइलला लावून आत द्या." अर्ध्या तासात आत बोलावलं. तोंडानं सांगितलेलं काउंटरवरच राहतं, कागद आत जातो.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, ही गोळी मेंदूतल्या हिस्टामीन नावाच्या रसायनाचं काम अडवते, झोप त्यानंच येते आणि भूक वाढण्यातही त्याचा हात असतो. म्हणजे हावरट मी नव्हते! आधी थायरॉइड तपासायला लावलं, ते नॉर्मल निघालं. मग हळूहळू सर्ट्रालिनवर, म्हणजे उदासीवरच्याच दुसऱ्या गोळीवर आणलं. तिनंही थोडं वजन वाढू शकतं, हे या वेळी आधीच सांगितलं. २०२४ साली अमेरिकेत उदासीवरच्या आठ गोळ्यांनी वजन किती बदलतं याचा, सुमारे १ लाख ८३ हजार लोकांवरचा एक अभ्यास आला होता. त्यात सर्ट्रालिनशी तुलना करता इतर सात गोळ्यांचा सहा महिन्यांतला वजनाचा फरक सरासरी अर्ध्या किलोच्याही आत होता. एस्सिटालोप्रामला थोडं जास्त, ब्युप्रोपिऑनला थोडं कमी. माझी मिर्टाझापीन त्या आठ गोळ्यांत नव्हतीच. आणि सरासरी सरासरीच्या जागी, माझे ७ किलो माझ्याच अंगावर होते.

हो, एक राहिलंच. गोळी सुरू व्हायच्या दिवशीच घरी वजन करून तारखेसह लिहून ठेवा. माझा फेब्रुवारीचा आकडा केवळ पतसंस्थेतल्या आरोग्य शिबिरामुळे सापडला.

आता ६२ वर आहे, ५८ दिसायचं नाव नाही. परवा तपासणीला गेले तर काट्यावर पुन्हा पेपर. गठ्ठा उचलून बाकावर ठेवला, चप्पल काढून उभी राहिले आणि मुलीला म्हटलं, "बासष्ट. लिही."

तिनं लिहिलं.